अक्षय नीवि : गांवच्या धर्मादायास द्रव्य कसें द्यावें?

दान करावें कीं न करावें, याविषयीं आपल्या घरांतून सहसा वाद नसतो. वाद असतो तो कोणास, किती आणि कोणत्या रीतीनें द्यावें याविषयीं. यांपैकीं पहिल्या दोन प्रश्नांवर घरोघर पुष्कळ बोलणें होतें. तिसऱ्याचा विचार मात्र क्वचित् केला जातो. वास्तविक एखाद्या गांवांतील लहानशा सेवासंस्थेचें जगणें-मरणें या तिसऱ्या प्रश्नावरच अवलंबून असतें. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

कल्याणहून मुरबाड व टोकावडे ओलांडून माळशेज घाटाकडे जाऊं लागलें म्हणजे वैशाखरे नांवाचें गांव लागतें. त्याच्या पुढें थोड्याच अंतरावर नाणेघाटाची पायवाट फुटते. घाट चढून गेल्यावर कातळांत कोरलेलें एक लेणें व माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण दृष्टीस पडतो. कोंकणांतील बंदरांतून जुन्नराकडे जाणारा माल पूर्वीं याच वाटेनें चढत असे, आणि त्यावरील जकातीचें नाणें या रांजणांत पडे, अशी परंपरागत समजूत आहे. लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नांवानें ओळखला जाणारा शिलालेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्या प्रसंगीं दिलेली दक्षिणा यांची त्यांत यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणीं असें तें दान. आणि संख्या हजारांच्या घरांत गेलेल्या. आपल्या देशांतील अंकांचीं अत्यंत जुनीं चिन्हें ज्या थोड्या लेखांत सांपडतात त्यांत हा एक प्रमुख होय. आपल्या जुन्या अंकांचा हा मोठा पुरावा दानाच्या हिशेबांत मिळावा, ही गोष्ट मोठी मनोरम आहे.

परंतु त्या हजारों गाईंचें पुढें काय झालें, हें कोणी सांगूं शकत नाहीं. तें दान त्या दिवशीं पूर्ण झालें व तेथेंच संपलें. यज्ञाच्या दक्षिणेचा हेतूहि तेवढाच असतो, म्हणून यांत दोष कांहींच नाहीं. मात्र आपल्या शास्त्रकारांनीं ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन भेद केलेले आहेत. यज्ञयाग हें इष्ट. विहिरी, तळीं, धर्मशाळा, बागा, अन्नछत्रें हें पूर्त. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ ग्रंथाचा एक संबंध खंड दानासच वाहिला आहे. पूर्ताचें वैशिष्ट्य असें कीं, तें एकदां करून भागत नाहीं. विहीर खणली तरी गाळ काढावा लागतो. अन्नछत्र घातलें तरी उद्यां पुन्हां चूल पेटवावी लागते. तेव्हां पूर्ताच्या कामास द्यावयाचें द्रव्यहि उद्यां पुन्हां उपयोगीं पडेल अशाच रीतीनें दिलें पाहिजे.

नाशिकच्या लेण्यांतील हिशेब

ही रीत आपल्या पूर्वजांस चांगली अवगत होती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात (ऋषभदत्त) याचा एक लेख आहे. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या या लेखांत ‘अक्षय नीवि’ दिल्याचें नमूद आहे. नीवि म्हणजे मुद्दल. आणि अक्षय नीवि म्हणजे जें कधीं खर्ची पडावयाचें नाहीं असें मुद्दल. दात्यानें तीन हजार कार्षापण दिले. परंतु ते भिक्षुसंघाच्या हातीं न देतां गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, व एक हजार दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें, अशी अट.

दोन हजारांचें व्याज कोणत्या कामीं लावावयाचें, हेंहि लेखांत सांगितलें आहे : त्या लेण्यांत वर्षाकालीं राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रांसाठीं. वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांस दरमहा शेंकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. आणि वीस जणांस बारा बारा म्हणजे तेहि दोनशें चाळीसच! किती जण आहेत, त्यांस काय लागेल, कोणत्या ऋतूंत लागेल, तें आधीं ठरवून दात्यानें त्यावरून मुद्दल काढिलें. आपण बहुधा उलट करतों. हातांत आलेली रक्कम देऊन टाकतों व तिचें काय करावयाचें तें घेणारावर सोंपवितों.

त्याच लेखांत आणखी एक गोष्ट आहे. हें दान नगरसभेंत वाचून दाखविण्यांत आलें आणि रीतीप्रमाणें दप्तरांत नोंदविण्यांत आलें, असा उल्लेख आहे. मुद्दल अभंग, विनियोग निश्चित आणि हिशेब चारचौघांसमक्ष, हीं तीन सूत्रें त्या काळीं कातळावर कोरलीं गेलीं. पुढें कायदेकानू पुष्कळ झाले; या तीन सूत्रांपलीकडे जाणारें तत्त्व मात्र त्यांत फारसें आढळावयाचें नाहीं.

नाणेघाटाच्या माथ्यावरून पुढें गेलें कीं जुन्नर येतें. तेथील लेण्यांतहि असेच लेख आहेत. एका शक उपासकानें वीस निवर्तनें शेताचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्यासाठीं व नऊ निवर्तनांचें उत्पन्न वडाचीं झाडें लावण्यासाठीं श्रेणीकडे लावून दिलें आहे. झाड वाढावयास वर्षें लागतात. म्हणून त्याच्या जोपासनेस वर्षानुवर्षें पुरेल असें उत्पन्न जोडून दिलें. घाटाखालच्या गांवांतील कार्यांस आज नेमकी हीच दृष्टि हवी आहे.

देश, काल आणि पात्र

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार वर्णिले आहेत. योग्य देशीं, योग्य कालीं, योग्य पात्रास, परतफेडीची अपेक्षा न धरतां दिलेलें तें सात्त्विक. देश आणि पात्र यांचा विचार आपण कांहीं अंशीं करतों. काल या शब्दाचा अर्थ मात्र आपण पर्वकाल, संक्रांत, ग्रहण, अक्षय्य तृतीया इतकाच घेतों. माझ्या मतें त्याचा एक अर्थ असाहि घ्यावा कीं, ज्या महिन्यांत घेणाराची चूल अडते, तो दानाचा काल.

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील स्थिति पाहा. येथें कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे लोक राहतात. भाताचें पीक एक. पाऊस उदंड, परंतु पावसाळा सरला कीं डोंगर कोरडा. कातकरी कुटुंबांपैकीं पुष्कळांस स्वतःची जमीन नाहीं. पावसाळ्यांत घरांतील धान्य संपतें, तेव्हां वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, कीं ती उचल फेडण्यासाठीं सारें बिऱ्हाड भट्टीवर जातें. आणि पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे परत येतें. आईबाप गेले कीं मुलेंहि जातात. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली म्हणजे हजेरीपटावर कांहीं नांवांपुढें रिकामीं घरें पडूं लागतात, आणि एकदां पडलेलें तें रिकामें घर सहसा भरत नाहीं. शिक्षकाचा पेशा ज्यानें केला आहे, त्यास ही वेदना निराळी सांगावयास नको.

अशा मुलास कार्तिकापासून वैशाखापर्यंत गांवांतच ठेवून घेणारें एखादें घर, एखादें लहानसें वसतिगृह असेल, तर त्याचें शिक्षण वांचतें. त्या घरास काय लागतें? तांदूळ, डाळ, तेल, भाजी, सरपण किंवा गॅस, स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार, थंडींत पांघरूण, आजारांत औषध. यांतील एकहि वस्तु समारंभानें देण्याजोगी नाहीं. सगळ्या दरमहा लागणाऱ्या. आणि शहरांतून येणारें दान कसें येतें? जूनमध्यें शाळा उघडतांना वह्यांचे गठ्ठे येतात. एखाद्या वाढदिवसास मिठाई येते. एखादा उदार गृहस्थ वडिलांच्या नांवें खोली बांधून देतो. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु वह्या आहेत, खोली आहे, भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, आणि माघ महिन्यांत तांदूळ नाहींत, अशी अवस्था झाली तर त्या खोलींत मूल राहणार कसें?

नियमित दानावांचून भार कोणावर पडतो

संस्थेचा महिन्याचा खर्च अडला म्हणजे तो कोठून तरी निघतोच. तो निघतो कार्यकर्त्याच्या घरांतून. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढिली. खेड्यांतील सर्व जातींचीं मुलें एकत्र ठेवून शिकविण्याचें तें कार्य आज महाराष्ट्रभर पसरलेलें आहे. परंतु प्रारंभींच्या दिवसांत वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस आपले दागिने व शेवटीं मंगळसूत्रहि द्यावें लागलें. ही कथा आपण व्याख्यानांतून ऐकतों व सद्गदित होतों. पण सद्गदित होऊन झाल्यावर एक प्रश्न स्वतःस विचारावा : त्या दिवशीं गांवोगांवच्या शंभर घरांतून ठरलेला एकेक रुपया वेळेवर पोंचला असता, तर त्या माउलीवर हा प्रसंग आला असता काय? कार्यकर्त्याच्या त्यागाचें कौतुक करणें सोपें आहे. त्या त्यागाची गरज पडूं न देणें हें आपलें काम आहे.

याच संस्थेनें मुष्टिफंडाची पद्धत चालविली, म्हणजे घरोघरच्या गृहिणीनें दळणकांडणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढावें आणि तें विद्यार्थ्यांसाठीं गोळा व्हावें. पुण्यांत १९०९ सालीं स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहांतील मुलेंहि आरंभीं माधुकरीवर जगलीं. आठवड्यांतील एकेक वार एकेका घरीं जेवून शिकलेलीं माणसें तर आपल्या प्रत्येकाच्या कुळांत सांपडतील. घरास त्या वारांचा भार वाटला नाहीं, कारण तो ठरलेला होता. आणि मुलास त्यांची चिंता नव्हती, कारण तो चुकत नव्हता.

अण्णासाहेब कर्वे यांचें उदाहरण याच प्रकारचें. तरुणपणींच त्यांनीं आपल्या मुरूड गांवच्या सार्वजनिक कामांसाठीं ‘मुरूड फंड’ उभारिला. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला, तेव्हां रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्याची सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले. बाकीचें कार्य लहान लहान देणग्यांवर चाललें. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं मातोश्रींच्या स्मरणार्थ महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये देऊं केले, ते १९२० सालीं, म्हणजे चोवीस वर्षांनंतर. मोठें दान लहान दानाच्या मागून येतें, हा याचा बोध. आणि एवढें सर्व झाल्यावर १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, अण्णांनीं शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून पुन्हां वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला!

अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंडहि याच तत्त्वावर उभा होता. प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठिंबा दिला व त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. एका पैशाची मागणी कोणास नाकारतां येत नाहीं. आणि ज्यानें एक पैसा दिला तो त्या कार्याची चौकशी करूं लागतो, हा त्यांतील दुसरा लाभ.

प्रत्यक्ष मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं देह ठेविला. कोतवालांचें हौतात्म्य सर्वश्रुत आहे. परंतु त्याआधीं सावकाराच्या पाशांतून शेतकऱ्यांस सोडविण्यासाठीं त्यांनीं धान्यपेढीचें काम हातीं घेतलें होतें, हें फारसें बोललें जात नाहीं. पावसाळ्यांतील भूक व त्यापायीं घेतलेली उचल हेंच या भागांतील दुःखाचें मूळ. त्या मुळाशीं त्यांचा हात गेला होता.

द्यावयाचे मार्ग

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं. घरानें कोणती रीत धरावी?

पहिली व सर्वांत उत्तम रीत म्हणजे मासिक वर्गणी. एकत्र कुटुंबांत चार मिळवते असतील तर प्रत्येकानें आपल्या मिळकतीचा ठरीव अंश काढावा व घराच्या नांवानें एकच रक्कम दरमहा एका तारखेस पाठवावी. बँकेस एकदां लेखी सूचना दिली कीं ती रक्कम आपोआप संस्थेच्या खात्यांत जमा होते. आठवण ठेवण्याचाहि त्रास नाहीं. संस्थेस महिन्यास ५०० रुपये निश्चित मिळणें हें वर्षांतून एकदां अवचित मिळालेल्या ६,००० रुपयांहून अधिक उपयोगी असतें. कारण पहिल्याच्या आधारावर स्वयंपाकिणीस कामावर ठेवतां येतें, दुसऱ्याच्या आधारावर ठेवतां येत नाहीं. शक्य तर ही रक्कम अमुक एका वस्तूसाठींच म्हणून बांधून देऊं नये. वीजबिल, प्रवासखर्च, हिशेबनिसाचा मोबदला यांस कोणी दाता मिळत नाहीं, आणि त्यांवांचून कार्यहि चालत नाहीं.

दुसरी रीत कायम निधीची, म्हणजेच अक्षय नीवीची. कुटुंबांतील कोणाच्या स्मरणार्थ मोठी रक्कम द्यावयाची असेल तर ती या निधीस द्यावी, व देणगी कायम निधीसाठीं आहे असें पत्रांत स्पष्ट लिहावें. नाहींतर ती चालू खर्चांत धरली जाते. येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. पूर्वींच्या कित्येक शाळांतून शंभर-दोनशें रुपयांच्या ठेवींवर पारितोषिकें लावलेलीं आढळतात. आज त्या व्याजांत एक पुस्तकहि येत नाहीं. मुद्दल आंकड्यानें अक्षय राहिलें, मोलानें क्षीण झालें. यास उपाय एकच : सर्व व्याज खर्चूं नये. समजा, १,००,००० रुपयांवर शेंकडा सहा प्रमाणें ६,००० रुपये आले, तर त्यांतील निदान एक-दोन हजार पुन्हां मुद्दलांत मिळवावे, अशी अट पत्रांतच घालावी.

तिसरी रीत कुलाचाराशीं जोडलेली. मुंज, विवाह, षष्ट्यब्दिपूर्ति, श्राद्धतिथि या प्रसंगीं आपण खर्च करतोंच. वडिलांच्या श्राद्धतिथीस वसतिगृहांतील मुलांच्या एका दिवसाच्या भोजनाचा खर्च दरवर्षीं द्यावयाचा, असा नेम केल्यास पितृऋणहि फिटतें व पंगतींत खरोखर भुकेले बसतात. मात्र बारा घरांनीं मिळून तिथि वांटून घेतल्या, आणि त्या हिंवाळ्या-उन्हाळ्यांतील रिकाम्या महिन्यांत पडतील अशी व्यवस्था केली, तर उत्तम.

चौथी रीत मृत्युपत्राची. स्वतःच्या मिळकतीपैकीं अथवा एकत्र कुटुंबांतील स्वतःच्या हिश्शापैकीं कांहीं भाग संस्थेस ठेवतां येतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. संस्थेचें नोंदलेलें पूर्ण नांव लिहावें. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : वडिलोपार्जित स्थावर मिळकतींतून धर्मकार्यासाठीं कर्त्यास अल्पसा भागच देतां येतो. घरांतील सर्वांच्या संमतीवांचून उदार होऊं नये. ज्या दानामुळें भावाभावांत कज्जा लागतो तें सात्त्विक कसलें? जमीन अथवा घर हयातींत द्यावयाचें झाल्यास नोंदणीकृत दानपत्र लागतें. आणि शेतजमिनीच्या बाबतींत सरकारी परवानगीचा प्रश्न येतो, तेव्हां वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकूं नये.

पाहून द्यावें, देऊन पाहावें

नाशिकच्या लेखांतील तिसरें सूत्र हिशेबाचें. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत नोंदलेली आहे काय, तिचें खातें संस्थेच्याच नांवें आहे काय, प्रत्येक देणगीची पावती मिळते काय, व मागील वर्षाचे तपासलेले हिशेब दाखविण्यास चालक तयार आहेत काय, इतकें तरी अवश्य पाहावें. प्रामाणिक कार्यकर्त्यास या चौकशीचा राग येत नाहीं. उलट कोणी विचारणारा भेटला याचा आनंदच होतो. आयकराची सवलत हवी असल्यास संस्थेस तशी मान्यता आहे काय हें विचारावें. दोन हजार रुपयांवरील देणगी रोखीनें दिल्यास ती सवलत मिळत नाहीं, वस्तुरूप दानास मिळत नाहीं, आणि नवी करपद्धति स्वीकारणारासहि मिळत नाहीं. सवलतीसाठीं दान देऊं नये. पण मिळत असेल तर वांचलेली रक्कमहि त्याच संस्थेस पाठवावी, हें उत्तम.

वर्षांतून एकदां मुलांना घेऊन संस्थेस भेट द्यावी. मात्र ती भेट पाहुण्याची असूं नये. तेथील मुलांस रांगेंत उभें करून त्यांच्या हातीं वस्तु देणें व छायाचित्र काढणें, हा प्रकार कृपा करून टाळावा. आपण ज्या काळीं वार लावून जेवणाऱ्या मुलास पानावर बसवीत होतों, त्या काळीं त्यास ‘बाळ, आणखी भात घे’ असें म्हणत होतों. त्याचें प्रदर्शन मांडीत नव्हतों. ज्यानें घेतलें त्याची मान खालीं जाऊं नये, ही दात्याची पहिली जबाबदारी.

शेवटीं एक सूचना. हा अंक घरांत सर्वांनीं वाचून झाल्यावर एखाद्या संध्याकाळीं कुटुंबांतील वडील माणसें, सुना व मिळवतीं मुलें यांनीं एकत्र बसावें आणि तीन गोष्टी ठरवाव्यात : एक संस्था, एक रक्कम व एक तारीख. दहा संस्थांस थोडें थोडें देण्यापेक्षां एकीसच दहा वर्षें द्यावें. रक्कम लहान असली तरी चालेल. ती इतकी असावी कीं घरांत अडचणीचें वर्ष आलें तरी ती बंद करण्याची पाळी येऊं नये. ठरलेली तारीख मात्र चुकूं देऊं नये. कार्तिकांत आईबाप भट्टीवर निघतात, त्या आधीं त्या मुलास ‘तूं येथें राहा’ असें सांगावयाचें असतें. आणि वैशाखापर्यंतच्या तांदळाची खात्री ज्याच्यापाशीं असेल, त्यालाच तें सांगतां येतें.